गिटार विकलो

वडगाव, बेळगाव
जुलै, दुसरा रविवार

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू दोन मिनिटांत विचारून मोकळा झालास, "लेकीला इलेक्ट्रिक गिटार पाहिजे म्हणते, कुठली घेऊ सांग." मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. पाऊस असा लागलाय की उंबऱ्याबाहेर पाय टाकवत नाही, उद्यमबागेतलं आमचं वर्कशॉपही दोन दिवस पाण्यात आहे. म्हटलं, लिहूनच काढू. फोनवर तू "हां, हां" करत राहतोस आणि मला सांगायचं असतं ते राहूनच जातं.

तुझं उत्तर शेवटी देतो. आधी जुना हिशेब.

माझ्याकडे आजवर चार इलेक्ट्रिक गिटारी आल्या, त्यातल्या तीन गेल्या. पहिली तुला वेगळी सांगायला नको, ती अर्धी तुझीच होती. 1987 चा दिवाळीचा सुमार. ऑर्केस्ट्रा सोडून आखाताला निघालेल्या त्या वादकाकडून 1,400 रुपयांना घेतली. 700 तुझे, सायकल विकून आलेले. 700 माझे, आईच्या भिशीचे. कलकत्त्याची, लाल रंगाची, कडेला रंगाचे पोपडे उडालेली. तारा पडद्यांपासून एवढ्या वर की मधून मुंगळा सुखानं गेला असता. तासभर वाजवली की बोटांची टोकं भाजल्यासारखी व्हायची. अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला पैसे कुठले? मंडपवाल्याच्या मशिनला जोडून कर्ण्यातून वाजवली होती, आठवतं? तुझे बाबा म्हणाले होते, गणपतीत पोर हरवल्याची घोषणा चाललीय असं वाटतंय.

पुढच्या पावसाळ्यात तिचा पिकअप मेला, म्हणजे चुंबकाभोवती बारीक तार गुंडाळलेला, तारांचा नाद पकडून मशिनला देणारा तो भाग. तार आतून गंजून तुटली होती. मोटर वायंडिंगवाल्याकडे नेला तर त्यानं भिंग लावून बघितलं आणि हात जोडले. म्हणाला, पंख्याची तार गुंडाळतो मी, केस नाही. शेवटी शहापुरातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं कुठल्याशा जुन्या रिळावरची बारीक तार दिली. आता मला माहीत आहे की असल्या पिकअपला 42 गेजची तार लागते, म्हणजे मिलिमीटरचा सोळावा हिस्सा, आणि तिचे सात-आठ हजार वेढे घालावे लागतात. तेव्हा एवढंच कळलं होतं की हे हातानं व्हायचं नाही.

आई सोप्यात मागाच्या कांड्या भरत बसली होती. तिनं आपल्या दोघांचा तो चाळा थोडा वेळ बघितला आणि म्हणाली, "आण इकडं." पिकअपचं बोबिन तिनं मेण लावून रहाटाच्या चातीवर बसवलं. तू बॅटरी धरलीस, मी रीळ धरलं. मी मोठ्यानं वेढे मोजायला लागलो तर म्हणाली, "मोजतोस कशाला रे? कांडी भरली की हाताला कळतंय की." तार दोनदा तुटली. सुताची गाठ मारून चालत नाही म्हटल्यावर तिला तो धागा फारच नाजूक, लाडावलेला वाटला. दोन्ही वेळा रेडिओवाल्याकडे पळत जाऊन डाग लावून आणला. रात्री अकराला बोबिन भरलं. दुसऱ्या दिवशी मीटर लावला तर सात हजार ओहमच्या जवळपास, हवं तेवढंच. रेडिओवाला दोनदा मीटर झटकून बघत होता.

तो आवाज अजून कानात आहे. थोडा जाड, थोडा घोगरा. तसा पिकअप मी पुन्हा कुठल्याच गिटारीत ऐकला नाही. अर्थात अठराव्या वर्षी ऐकलेलं पुढं सगळं तसंच वाटतं म्हणा.

आता ऐक. ही गिटार मी 1993 मध्ये कॅम्पातल्या एका पोराला 900 रुपयांना विकली. तू तेव्हा पुण्यात नोकरीला लागला होतास. तुझे 450 मी तुला कधी दिले नाहीत, आणि विकली हेही तीन वर्षांनी सांगितलं, तेही तू विचारलंस म्हणून. तू हसून सोडून दिलंस. मला मात्र अजून ते बोचतं. आणि पैशापेक्षा दुसरं एक जास्त. विकताना मी त्या पोराला कव्हर, जादा तारा, पट्टा असं सगळं मोजून दिलं. आईनं भरलेलं ते बोबिन आतच आहे, हे मात्र माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, जागा अडवत होती."

ती विकून घेतली ती जपानी. म्हापशाला एक तारवटी होता, बोटीवरून सुट्टीला आला की दोन-चार वस्तू विकायचा. कदंबाच्या बसनं गेलो आणि आंबोलीच्या घाटातून गिटार मांडीवर घेऊन आलो, अख्खा घाट धुक्यात. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर घाटाची, तीन सिंगल कॉइल पिकअप, गळा असा गुळगुळीत की आधी आपण सहा वर्षं कुंपणाच्या तारेवर वाजवत होतो की काय असं वाटलं. घरी आणून जोडली आणि घूंऽऽ सुरू. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमाग, डोक्यावर ट्यूबलाइट. सिंगल कॉइल म्हणजे तारेचं नुसतं एक वेटोळं. आसपासच्या विजेचं जे काही हवेत असेल ते सगळं ओढून घेतं. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळं ती घूं पांढरी पाचच्या किंचित वर लागते. गल्लीतल्या भजनी मंडळाचा पेटीवाला एकदा दारात थांबून म्हणाला, "सूर बरा धरलाय, पण थोडा चढलाय." वीज वाजतेय हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

जत्रेत तर उभं राहायची जागा आधी शोधावी लागायची. दोन पावलं डावीकडे, तोंड उगवतीला, मग घूं कमी. गाणारी बाई प्रेक्षकांकडे तोंड करून आणि गिटारवाला कुठंतरी कडुनिंबाकडे बघत उभा, असे आमचे कितीतरी फोटो आहेत. लोकांना वाटायचं, मी तंद्रीत आहे.

त्या सहा वर्षांत मी जेवढा वाजलो तेवढा पुढे कधी नाही. निपाणी, खानापूरकडे बोर्डावर 'ऑर्केस्ट्रा' लिहायचे, गोकाक, अथणीकडे तोच टेम्पो, तीच माणसं, पण बोर्डावर 'रसमंजरी'. इकडे लावणी आणि कोळीगीत, तिकडे कन्नड नट राजकुमारची गाणी, हिंदी दोन्हीकडे. कन्नड गाण्यांचे शब्द मी देवनागरीत लिहून अ‍ॅम्पला चिकटवायचो, कारण कोरसला मलाच ओढायचे. 1 नोव्हेंबरचं तर तुला सांगितलंच असेन. सकाळी आमच्यातले दोघे काळे शर्ट घालून सीमाभागातल्या मराठी माणसांच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत, आणि रात्री तेच दोघे कर्नाटक राज्योत्सवाच्या स्टेजवर ढोलक आणि कीबोर्डला. शर्ट बदलायला घरी जायला वेळ मिळाला नाही म्हणून एकदा ढोलकवाला काळ्या शर्टातच बसला. कुणी काही म्हटलं नाही. ऑर्केस्ट्रावाले काळेच घालतात म्हणून खपून गेलं.

1999 ला बाबांचं ऑपरेशन निघालं. ती जपानी 11,000 ला गेली. घेणाऱ्यानं जुळवूनसुद्धा बघितली नाही, नोटा दिल्या आणि बॅग उचलली. तुझी लेक मागे हसली होती ना, मी "गिटार विकलो" म्हणालो तेव्हा? "काका, विकलो नाही, विकली." पुण्यात तसंच म्हणतात, ठाऊक आहे मला. आपल्याकडं मी भात खाल्लो, मी पत्र लिहिलो, मी गिटार विकलो. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर नोटा मोजताना मला आपलं बेळगावचंच बरोबर वाटलं. तिला सांग.

तिसरी 2001 ची, कोरियात झालेली, गिब्सन कंपनीच्या लेस पॉल घाटाची, आणि तीच अजून माझ्याकडे आहे. अंगानं लेस पॉल म्हणजे पाट्याचा वरवंटा, रात्रभर गळ्यात अडकवली की सकाळी डावा खांदा उचलत नाही. पण घूं नाही! हंबकर पिकअपची युक्ती सेथ लव्हर नावाच्या गिब्सनमधल्या माणसानं 1955 ला काढली. दोन वेटोळी शेजारी-शेजारी, एक सुलट, एक उलट, चुंबकही उलट. बाहेरची घूं दोन्हींत विरुद्ध येते आणि एकमेकींना खाते. तारेचा आवाज मात्र दोन्हींत मिळून येतो. बाबांना समजावलं तर म्हणाले, "म्हणजे दुपदरी सूत. एक उजवा पीळ, एक डावा, मग दोरा गुंडाळी मारत नाही." सहा महिने पुस्तकं धुंडाळून मला जे कळलं ते त्यांना खाटेवर पडल्या पडल्या.

2004 मध्ये अथणीहून येताना टेम्पोनं खड्डा घेतला, वरचा स्पीकर गिटारीवर पडला आणि डोकं गळ्यापासून तुटलं. चूक माझीच, पातळ कापडी बॅगेत ठेवली होती. या घाटाच्या गिटारीचं डोकं मागं चांगलंच कललेलं असतं, अस्सल गिब्सनला 17 अंश, आणि ट्रस रॉडसाठी, म्हणजे गळा सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईसाठी, लाकूड नेमकं तिथंच कोरलेलं. म्हणून तुटते तेव्हा तिथंच तुटते. गोव्यात एकानं सांगितलं, फेकून द्या. मी मिरजेला गेलो, सतारमेकर गल्लीत. तिथले पहिले सतारमेकर फरीदसाहेब, त्यांच्या काळापासून तिथं दीडशे वर्षं सतारी-तंबोरे होतात, म्हटलं, गळा जोडायचं यांना शिकवायला नको. म्हातारे कारागीर होते. त्यांनी दोन्ही तुकडे नाकाला लावून वास घेतला, चिरेची रेघ नखानं तपासली आणि विचारलं, "भोपळा नाही होय हिला?" मग सरस तापत ठेवला. फेविकॉल नको म्हणाले, सरस पुन्हा उकलता येतो, उद्या कुणाला दुरुस्त करायची झाली तर तो शिव्या देणार नाही. सुतळीनं आवळून बांधली आणि आठवड्यानं या म्हणाले. वीस वर्षं झाली, सांधा हललेला नाही. रेघ मात्र दिसते, आणि ती रेघ बघितली की गिऱ्हाईक फिरतं. तीनदा विकायला काढली होती मी, खोटं कशाला बोलू. कुणी घेतली नाही म्हणून राहिली.

चौथी खरी फेंडर, मेक्सिकोत बनलेली, 2013 ला. सगळ्यात चांगली तीच होती आणि तिच्याबद्दल लिहायला बसलो तर चार ओळी सुचत नाहीत. सूर सोडत नव्हती, कुरकुर नाही, पडली नाही, मोडली नाही. एक सांगतो, लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नव्हता, तो रेडिओ दुरुस्तीवाला! हे वाचलं तेव्हा मला शहापूरचं ते दुकान आठवलं. 2020 ला जत्रा बंद, लग्नं बंद, वर्कशॉप बंद. बंगळूरच्या एका पोराला पार्सलनं 38,000 ला पाठवली. त्यानं ती मिळाल्यावर वाजवून पाठवलेला व्हिडिओ अजून मोबाइलमध्ये आहे. बरा वाजवतो.

आता तुझं उत्तर. लेकीला महागडी घेऊ नकोस, पण तिला घेऊन दुकानात जा, ऑनलाइन मागवू नकोस. गळा डोळ्याच्या रेषेत धरून बघ, मग तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून सातव्या-आठव्यापाशी फट बघ. कागद जाईल एवढी असावी, मुंगळा नको. बाराव्या पडद्यावर दाबून वाजवलेला सूर आणि तिथंच नुसतं बोट टेकवून काढलेला सूर एक आला पाहिजे. तारा 9 च्या, म्हणजे बारीक, लाव, तिची बोटं आपल्यासारखी जाळायची नाहीत. ब्रिजजवळ, म्हणजे तारा अंगावर टेकतात तिथं, हंबकर आणि बाकी दोन सिंगल, अशी मिळाली तर दोन्हीची चव कळेल. ती लॉकवाली, दांडा हलवायची तसली नको, एक तार बदलायला अर्धा दिवस जातो. पावसाळ्यात गळा फुगतो-वाकतो, तेव्हा घाबरून ट्रस रॉड गरगरा फिरवायचा नाही, एका वेळी पाव फेरा, मग एक रात्र थांबायचं. पडद्यांखालची पट्टी शिसवाची मिळाली तर उत्तम. जगभरच्या गिटारींना भारतीय शिसव लागतं आणि आपल्या खानापूर-दांडेलीच्या रानातही ते उभं आहे, एवढं तरी तिला सांग.

किंवा हे सगळं राहू दे. गणपतीला तुम्ही येणारच आहात. ती मिरजेत जोडलेली घेऊन जा. जड आहे, पण लेक अजून वाढत्या वयाची आहे, उचलेल. विकत देत नाही, तुझे 450 वळते झाले समज; व्याजाचं नंतर बघू. गिटारीला केस नाही, आईनं जुन्या इरकलींची शिवलेली वाकळ आहे, तिच्यात गुंडाळून ठेवलीय.

वाकळ तेवढी परत आण.

तुझा,
पप्या