पितरांची दुपार आणि टोरांटोचं घड्याळ

मा. संपादक,
स. न.

परदेशातल्या मुलांनी तिकडच्या वेळेप्रमाणे घातलेलं श्राद्ध पितरांपर्यंत पोचत नाही, कारण तिथी इथलीच खरी, अशा आशयाचं एका वाचकांचं पत्र आपल्या सदरात आलं. ते वाचल्यापासून मला चैन नाही. माझा मुलगा टोरांटोला असतो. त्याचे वडील जाऊन नऊ वर्षं झाली. दर सर्वपित्री अमावास्येला तो रजा टाकतो, सकाळपासून खीर, वडे, आमसुलाची चटणी करत बसतो. त्याचं पान वाढून होतं तेव्हा चाळीसगावात रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात.

मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला, म्हणून गणितानेच उत्तर देते. आमच्या तालुक्यात पाटण्याच्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापला त्याची नोंद त्यात आहे. याच भास्कराचार्यांनी 1150 साली 'सिद्धांतशिरोमणी'त लिहून ठेवलंय की पितर चंद्राच्या वरच्या भागावर राहतात. अमावास्येला सूर्य त्यांच्या डोक्यावर येतो, म्हणून ती त्यांची दुपार. कृष्णपक्षाच्या मध्यावर त्यांच्याकडे उजाडतं, शुक्लपक्षाच्या मध्यावर मावळतं. पितर तिथे आहेत की नाहीत हे मी सांगू शकत नाही. पण चंद्राच्या पलीकडच्या बाजूला ऊन-सावलीचा हिशेब खरोखरच असा आहे. चंद्रावरचा दिवस केवढा असतो ते 2023 मध्ये पोराटोरांनीही पाहिलं: चांद्रयान-3 च्या विक्रम आणि प्रज्ञान यांचं काम तिथल्या एका दिवसापुरतं, म्हणजे आपल्या साधारण चौदा दिवसांचं, आखलेलं होतं, आणि रात्र व्हायच्या आत ते निजवले गेले.

म्हणजे आपले साडेएकोणतीस दिवस हा त्यांचा एक दिवस-रात्र. त्यांचा एक तास आपल्या साडेएकोणतीस तासांचा. सप्टेंबरात आपल्यात आणि टोरांटोत साडेनऊ तासांचा फरक असतो. भागून पाहा, त्यांच्या घड्याळात तो वीस मिनिटांचाही भरत नाही. एवढ्यासाठी एका मुलाचं पान परत पाठवायचं?

आणखी एक गोष्ट मी वर्गात चेंडू आणि कंदील घेऊन दरवर्षी दाखवायची. चंद्राची एकच बाजू आपल्याकडे असते. पलीकडच्या बाजूवर जो उभा असेल त्याच्या आकाशात पृथ्वी कधीच उगवत नाही. त्याला चाळीसगाव दिसत नाही, तसं टोरांटोही दिसत नाही. कोणत्या देशातून हाक आली हे तिथून कसं कळणार? हाक आली एवढंच.

हे गेले त्या वर्षी घरी गरुडपुराण लावलं होतं. यममार्ग शहाऐंशी हजार योजनं, आणि जीव दिवस-रात्र मिळून दोनशे सत्तेचाळीस योजनं चालतो, असं त्यात आलं. मी कॅलेंडरच्या मागे भागाकार केला: तीनशे अठ्ठेचाळीस दिवस. तेराव्याला निघालेला माणूस वर्षश्राद्धाच्या सुमारास पोचतो. ते वर्ष मी त्या आकड्यावर काढलं. आज किती योजनं झाली असतील, असं रोज संध्याकाळी मनात मोजायची. पत्र लिहिणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे, की ज्या घरात हा हिशेब असा मोजला जातो तिथे 'पोचत नाही' हे शब्द फार लागतात.

भास्कराचार्यांच्या मापाने नऊ वर्षं म्हणजे पितरांचे एकशे अकरा दिवस. चार महिनेही नाहीत. मुलाला आपण वडिलांना विसरून जाऊ याची भीती वाटते. त्याला मी हा आकडा फोनवर सांगितला, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

यंदा त्याला सांगितलंय, माझ्या घड्याळाकडे बघू नकोस. तुझ्याकडे ऊन डोक्यावर आलं की पान वाढ. मी इथल्या दुपारी वाढेन. यांचं जेवण फार सावकाश असायचं. भाकरी आणि मागचा भात यांत वीस मिनिटं सहज जात.

— एक निवृत्त शिक्षिका, चाळीसगाव