साहेब, आम्हाला सरकारचेच पत्र वाचून दाखवायचे होते

मा. मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

आपण कामात असाल, म्हणून आधी झाले काय ते थोडक्यात सांगते. गेल्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला, आपल्या खात्याच्या अखत्यारीतल्या सभागृहात आम्हा समलिंगी मंडळींचे व्याख्यान होते. दोन महिने आधी अर्ज दिलेला, भाडे भरलेले, पावती माझ्या पर्समध्ये. दुपारी चार वाजता फोन आला, "मॅडम, कार्यक्रम होणार नाही. विषय संवेदनशील आहे, वरून सांगितलंय." वर म्हणजे कोण, असे विचारले. "वर म्हणजे वर." मी पोहोचले तर दाराला कुलूप, आणि पहारेकरी बिचारा माझी नजर चुकवत किल्ल्यांचा जुडगा चाचपत बसलेला.

गेल्या वर्षी आपण आमच्या निवेदनावर 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असा शेरा मारला होता. फोटोही काढू दिलात. "तुम्हीही आमच्या लेकीच" असे म्हणालात. लेकींना घराबाहेर काढण्याची रीत जुनीच आहे, तेव्हा आपण शब्द फिरवला असे तरी कसे म्हणू?

विषय काय होता तेही सांगते, कारण ज्याने 'संवेदनशील' ठरवले त्याने अर्ज उघडून पाहिला असेल असे वाटत नाही. 'इच्छापत्र, नॉमिनी आणि हॉस्पिटलचा फॉर्म: समलिंगी जोडप्यांनी काय करून ठेवावे.' बस. महिन्यातून एकदा, चार वर्षे, आम्ही अशी संध्याकाळ भरवतो. कधी एखादी आई बोलते, मुलाने सांगितल्यानंतरचा आठवडा तिने कसा काढला ते. कधी मानसोपचारतज्ज्ञ येतात. 'उपचाराने मुलगा सरळ करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरची तक्रार करता येते, राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ सालीच हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे, हे आमच्यातल्या निम्म्यांना तिथेच कळले. पुढच्या दोन रांगा कायम रिकाम्या असतात, कारण कोणालाच दिसायचे नसते. प्रश्न चिठ्ठीवर येतात. एकदा एका चिठ्ठीवर एवढेच होते, 'बायकोला कसं सांगू?' एवढी भयंकर चळवळ आहे ही.

परवा वकीलबाई जे वाचून दाखवणार होत्या ते सरकारचेच होते हो! ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने राज्यांना कळवले की जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. अर्थ खात्याने कळवले की संयुक्त खाते उघडायला, जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. रेशनकार्डासाठी अशा जोडप्याला एकाच घरातले धरावे, असेही राज्यांना सांगितले गेले. ही पत्रे खालपर्यंत पोहोचली का? माझ्या बँकेतल्या मुलीने ती पाहिलीच नव्हती, मी मोबाइलवर दाखवली. म्हणजे तुमच्या टपालाचे काम आम्ही फुकटात करतो आणि कुलूप आम्हालाच.

आता माझे. २०१८ सालच्या ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने आम्हाला ३७७ मधून, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलमातून, सोडवले, आणि दोन महिन्यांनी माझ्या जोडीदाराला तातडीने हॉस्पिटलमध्ये न्यावे लागले. तेव्हा आम्ही सोळा वर्षे एका घरात राहत होतो. फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' असा रकाना होता. मी 'मैत्रीण' लिहिले. खिडकीतल्या माणसाने पेन उलटे धरून त्या शब्दावर टकटक केले. "हे नाही चालत. रक्ताचं कोणी?" रक्ताचा एक भाऊ होता. तो अकरा वर्षे तिच्याशी बोललेला नव्हता. मीच त्याला फोन केला, मीच हात जोडले. सहा तासांनी आला, सही केली आणि जिन्यात मला विचारले, "फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?" त्या सहा तासांत मी बाकावर बसून होते. तिला आत कोणी पाणी दिले की नाही, एवढेसुद्धा मला कोणी सांगेना. गुन्हेगार राहिले नव्हते, पण नातेवाईकही झाले नव्हते. ती वाचली. रात्री तिला खोकला लागला की अजून मला तो रकाना दिसतो. आणि सरकारने इतक्या वर्षांनी दिले काय, तर प्रेत न्यायची मुभा, तीही दुसरे कोणी आले नाही तर.

आम्ही आहोत तरी किती, असे आपल्या कार्यालयातल्या एका गृहस्थांनी मला विचारले होते. २०१२ साली सरकारनेच सुप्रीम कोर्टात २५ लाख हा आकडा दिला होता. कोणी मोजले, कसे मोजले, देव जाणे. बायका त्यात धरल्या होत्या असे मला तरी वाटत नाही. लोकसंख्येच्या हिशेबाने महाराष्ट्राच्या वाट्याला सव्वादोन लाख येतात. गणित बोटांवरचे आहे, पण एका सभागृहाला पुरेल.

त्याच सभागृहात त्याच महिन्यात वधू-वर मेळावा झाला, पोटजातीनुसार टेबले मांडून. ते संवेदनशील नव्हते. व्याख्यानमालांचा अभिमान सांगणारे राज्य आहे हे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, असे आपणच भाषणांत सांगता. मग १९३४ सालचेही सांगा. र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' या आपल्या लैंगिक आरोग्याच्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली, त्यांत समलिंगी संबंधांचेही प्रश्न होते, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. निदान खटला तरी झाला. न्यायाधीशाला नाव होते, निकालाला तारीख होती. मला फक्त 'वरून' मिळाले.

सगळीकडे हेच 'वरून' आहे. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सोडवले, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा अडकवले, २०१८ मध्ये सोडवले. लग्नाचा प्रश्न घेऊन गेलो तर १७ ऑक्टोबर २०२३ ला उत्तर आले, संसदेकडे जा. संसद! २०१५ साली ३७७ बदलण्याचे खासगी विधेयक लोकसभेत नुसते मांडू द्यायचे होते, तर विरोधात ७१, बाजूने २४. साडेपाचशेच्या सभागृहात पंचाण्णव मते. उरलेले साडेचारशे कुठे होते, चहाला? आता आमच्या हक्कांचे बघायला कॅबिनेट सचिवांची समिती आहे. समितीला सूचना पाठवल्या. आवक क्रमांक आहे माझ्याकडे. आवक क्रमांकांची एक फाइलच झाली आहे, तीसुद्धा इच्छापत्रात कोणाच्या तरी नावे करून ठेवीन म्हणते.

आमचे व्याख्यान परवा झालेच. गाड्यांच्या तळावर, मोबाइलच्या उजेडात, वीस मिनिटे. एकतीस माणसे थांबली. पुढच्या रांगा नव्हत्याच, त्यामुळे सगळे जवळ उभे राहिले.

मागण्या दोनच. 'वर' कोण आणि कोणत्या नियमाने, ते लेखी द्या. आणि ते आरोग्य खात्याचे पत्र राज्यातल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर चिकटवा. डिंक आम्ही आणू.

पुढच्या महिन्याचा चौथा शनिवार सभागृहाच्या वहीत रिकामा आहे. मी काल जाऊन पाहिले आणि अर्ज पुन्हा दिला. विषय तोच. वक्त्या त्याच.

आपली,
अर्जदार
(नाव, सही आणि मोबाइल नंबर अर्जावर आहेत. इथे घातले नाहीत, कारण घरातली म्हणते, "तुझं ठीक आहे गं, माझा भाऊ वाचेल.")