चिऱ्याच्या भिंतीला गिझर टांगताना

संपादक महोदय,

चवथ जवळ आली की गोव्यात घरोघरी बाथरूमची डागडुजी निघते. टाइल्स नव्या, गिझर नवा. पण टाइलमागची भिंत कशाची आहे हे क्वचितच कोणी विचारतो. २५ लिटरच्या गिझरमध्ये पाणीच २५ किलो, टाकीसकट वजन ३५ किलोच्या आसपास. शिवाय टाकी भिंतीपासून पुढे आलेली असते, त्यामुळे वरच्या बोल्टांवर भार तर येतोच, पण ते बाहेरही ओढले जातात.

साधा फास्टनर (भिंतीतल्या भोकात बसवायचा बोल्ट) नट आवळल्यावर भोकात फुलतो आणि कडेला दाबून पकड घेतो. काँक्रीटमध्ये हे चालते. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, पोटात मातीचे कप्पे असतात. दाब आला की भोकाची कड भुरभुरते आणि बोल्ट जागच्या जागी फिरू लागतो. मग आगपेटीच्या काड्या, लाकडी खुंटी, व्हाइट सिमेंट! यातल्या एकाही उपायावर गिझर सोडू नये.

टाइल आणि गिलावा पार झाल्यावर ड्रिलमधून पडणारी भुकटी बघावी. तांबडी असेल तर बहुधा चिरा, राखाडी असेल तर सिमेंट, पांढरी असेल तर बहुधा हलके ब्लॉक. चिऱ्यात केमिकल अँकर, म्हणजे भोकात भरून घट्ट होणाऱ्या रासायनिक मसाल्यात रॉड बसवणारा अँकर, वापरावा: १० मिमीचा आटेदार रॉड, १६ मिमीची जाळीची नळी. जाळी टाइल-गिलाव्यात न अडकता चिऱ्यात किमान ८० मिमी शिरली पाहिजे. टाइलला डायमंड बिट, हॅमर बंद, ओला स्पंज हाताशी, आणि ड्रिल शक्यतो बॅटरीचे. हॅमर चिऱ्यातही नकोच, भोक ऐसपैस होते. भुकटी ब्रशने आणि फुंकणीने पूर्ण काढावी. बहुतेक अँकर इथेच फसतात. मसाल्याचा सुरुवातीचा, रंग एकसारखा न झालेला भाग टाकून द्यावा, जाळीची नळी तळापासून मसाल्याने भरत यावी, रॉड हलके फिरवत घालावा. पाकिटावर लिहिलेला वेळ होईपर्यंत नटाला हात लावू नये, त्या दिवशी अंघोळीची कितीही घाई असो.

मागची बाजू हाती असेल तर रॉड आरपार काढून पलीकडे १०० मिमी चौरस पट्टी लावणे सर्वांत भक्कम. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवावे आणि सिलिकॉनने बुजवावे, नाहीतर पावसाचे पाणी आत येईल. किनाऱ्याजवळ रॉड, वॉशर, नट सगळे ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे घ्यावे. साधे लोखंड गंजून फुगते आणि टाइलला तडा जातो. ठोकल्यावर पोकळ वाजणाऱ्या टाइलवर नट आवळला तरी तेच होते.

नव्या बांधकामात तर हा सगळा खटाटोप टळू शकतो. गिझरच्या जागी भिंतीच्या पूर्ण जाडीचा, साधारण ६० बाय ३० सेंमीचा काँक्रीटचा ठोकळा बांधतानाच घालावा आणि टाइल्स बसण्याआधी नळ-वायरींचे फोटो मापासह घरमालकाला द्यावेत. बिल्डरांनी हे नकाशातच दाखवावे, आणि फ्लॅट घेणाऱ्यांनी ते मागून घ्यावे.

— एक स्थापत्य अभियंता, फोंडा