जुन्या अमेरिकन मोटारींचा उसना थाट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या अमेरिकन मोटारींच्या डौलाचे कौतुक वाचले. १९५९ च्या कॅडिलॅकचे मागचे उंच पंख भडक असले, तरी निदान मूळ आराखड्यातलेच होते. साठच्या दशकापासून जादा पैसे घेऊन जो नट्टापट्टा विकला गेला, त्याचा मात्र लेखात उल्लेखही नाही.

पत्र्याच्या पक्क्या छपरावर व्हिनाइल, म्हणजे प्लॅस्टिकचे आवरण, चिकटवून ते घडीच्या कापडी छपरासारखे भासवायचे आणि बाजूला 'लँडो बार' नावाची, मुळात बग्गीचे छप्पर दुमडण्याच्या कामाची पण इथे केवळ शोभेची दांडी बसवायची, हा तर कळसच. त्या व्हिनाइलखाली पाणी मुरे आणि पत्रा आतल्या आत गंजत राही. वर फुगवटे दिसेपर्यंत मालकाला पत्ताच नसे. प्लिमथ या मोटार कंपनीने १९६९ मध्ये फुलाफुलांचे व्हिनाइल छप्परही देऊ केले होते. ती नक्षी आमच्या सोलापुरी चादरीवर अधिक शोभली असती. फोर्डच्या कंट्री स्क्वायर या गाडीच्या बाजूंवरचे लाकूडही आधी खरे, पुढे नुसते छापील.

आपल्या शहरातही हल्ली नव्या गाड्यांच्या बॉनेटवर दुहेरी टेपने चिकटवलेली, हवा आत न घेणारी हवेची तोंडे दिसतात. मे महिन्याच्या उन्हात टेप सैल होऊन त्यांचा एक कोपरा उचलला जातो. पुढील लेखात या नकली साजाचीही छायाचित्रे छापावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर