सूचना: गॅरेजचे बिल अंदाजापेक्षा जास्त आले तर

सर्व सभासदांस,

चतुर्थीच्या आधी गाड्या सर्व्हिसिंगला टाकायची घाई सुरू झाली आहे, म्हणून आताच कळवतो. गेल्या महिन्यात माझ्याच गाडीला फोंड्याच्या एका गॅरेजने ६,५०० रुपये सांगितले आणि हातात बिल ठेवले ११,२०० चे. ब्रेक पॅड, बुश, वर अंडरबॉडी कोटिंग. आपल्या पावसात गाडी खालून गंजते हे खरे, पण मला विचारायचे तरी!

गाडी देतानाच जॉब कार्डवर, म्हणजे गॅरेजच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, कामे आणि अंदाजे रक्कम लिहून घ्या. 'विचारल्याशिवाय जादा काम करू नये' ही ओळही तिथेच टाका. तोंडी बोललेले नंतर कुणालाच आठवत नाही. बदललेले जुने पार्ट मागून घ्या. बिलात पार्ट आणि मजुरी वेगवेगळी हवी, जीएसटी लावला असेल तर त्याचा क्रमांकही.

वाद झालाच तर आवाज चढवून उपयोग नाही. ठरलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी ठेवून घेण्याचा हक्क १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० ने गॅरेजवाल्याला दिला आहे. गाडी लगेच हवी असेल तर बिलावर 'जादा रक्कम अमान्य, हरकत राखून भरली' असे लिहा आणि पैसे ऑनलाइन भरा, रोख नको. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला २ वर्षांची मुदत असते. गॅरेजला दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीचे शुल्क नाही.

मला दोन खेपा घातल्यावर २,८०० परत मिळाले. कोटिंगचे मात्र गेले. जॉब कार्ड न वाचता सही मीच केली होती.

– सचिव