बाबांच्या प्रश्नाचं उत्तर, आणि आईकडे एक मागणं

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "ज्यातून प्रथिनच बनत नाही, त्या आरएनएच्या मागे इतकी वर्षं का लागलीस?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

आपल्या डीएनएचा 2 टक्क्यांहूनही कमी भाग प्रथिनं कशी बनवायची ते सांगतो. उरलेल्याला पूर्वी अडगळ म्हणायचे. पण त्यातूनही आरएनए, म्हणजे डीएनएच्या तुकड्यांच्या नकला, निघतात. त्यातले इटुकले, सुमारे 22 अक्षरांचे, ते मायक्रोआरएनए. प्रथिनाचा निरोप नेणाऱ्या आरएनएला ते चिकटतात आणि निरोप तिथेच अडवतात. या शोधाला 2024 चं नोबेल मिळालं.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या मुळाशी बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणू असतो. त्याचं ई6 हे प्रथिन पेशीतल्या पी53 चा काटा काढतं. पी53 म्हणजे राखणदार. डीएनए बिघडला की तो पेशीची वाढ रोखतो. मिर-34ए या मायक्रोआरएनएला कामाला लावणाराही तोच, आणि हा मिर-34ए वाढीचे निरोप अडवतो. म्हणजे राखणदार गेला की त्याच्या हाताखालचाही दुबळा होतो. मला यातलं सगळ्यात क्रूर हेच वाटतं. उलट मिर-21 हा दुसरा मायक्रोआरएनए किंवा हॉटएअर नावाचा लांबलचक आरएनए अशा गाठींत बरेचदा वाढलेला सापडतो.

आज सकाळी हीला पेशींतून आरएनए काढला. सगळं बर्फावर, हातमोजे घालून. बोटावर आरएनए तोडणारं विकर (एन्झाइम) असतं, तेवढ्यानंही तो तुटतो. या पेशी 1951 साली हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, त्यांना न विचारता घेतलेल्या. बाई त्याच वर्षी गेल्या. पेशी अजून वाढताहेत, आणि एचपीव्ही 18 या प्रकारच्या विषाणूचा डीएनए अजून त्यांच्यात आहे. भिंगाखाली त्या दिसल्या की दर वेळी मला तू आठवतेस, आई.

कारण तू एकदाही तपासणी केलेली नाहीस. "आता या वयात कशाला," म्हणतेस. अगं, संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा 15-20 वर्षं जातात. पाळी गेली म्हणून धोका जात नाही. मी अभ्यासते त्या आरएनएवरून निदान व्हायला वेळ लागेल, एचपीव्हीची तपासणी मात्र आजही होते. आणि पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर लाजून गप्प बसू नकोस, लगेच डॉक्टरांकडे जा.

बाबा, तिच्याबरोबर तुम्ही जा. तारीख ठरली की कळवा, मी रजा काढून येते.

तुमची,
लेक