गांबियातील गोटीचे मतदान

महोदय,
तिन्ही बाजूंनी सेनेगलने वेढलेला आणि एकाच नदीच्या दोन्ही काठांवर चिंचोळा पसरलेला पश्चिम आफ्रिकेतील गांबिया वृत्तपत्रांत क्वचितच दिसतो. मांडिंका, फुला, वोलोफ अशा समाजांच्या या देशात भुईमूग हे मुख्य नगदी पीक असल्याने पावसाने दगा दिला की खेड्यांत दलासीची, म्हणजे तेथील चलनाची, चणचण भासते. मला मात्र तेथील मतदानाचे अप्रूप वाटते: मतदार आपल्या उमेदवाराच्या रंगाच्या पिंपात काचेची गोटी सोडतो, आत घंटा वाजते, आणि कोणी दोन गोट्या टाकल्या तर दुसरा टणत्कार बाहेरच्यांना लगेच कळतो. १९९४ मध्ये लष्करी उठावाने सत्तेवर आलेले याह्या जामे डिसेंबर २०१६ मध्ये याच गोट्यांच्या मोजणीत हरले. निकाल नाकारूनही शेजारी राष्ट्रांच्या दबावापुढे त्यांना जानेवारी २०१७ मध्ये देश सोडावा लागला.
– एक वाचक